‘विच’ म्हणवून घेण्याआधी

खामगाव, जि. बुलढाणा

चि. छकुलीस,


तुझ्या आईचा फोन येऊन गेला. पोरगी पुण्यात खोलीवर मेणबत्त्या लावून बसते, पत्ते मांडते आणि मोबाइलवर स्वतःच्या नावाखाली ‘विच’ असं लिहिते, म्हणून ती हबकली आहे. ‘आत्याबाई, तुम्हीच समजवा तिला,’ म्हणाली. मी म्हटलं, समजवायचं नंतर पाहू, आधी ती कशात शिरली आहे ते तिला पुरतं ठाऊक आहे का ते बघते. जन्मभर इतिहास शिकवला. सवय जात नाही. तेव्हा हे पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तुझ्या आईची पहिली भीती आधी मिटवते: ‘हे लोक सैतानाची पूजा करतात का हो?’ नाही. सैतान हा ख्रिस्ती धर्मातला आहे आणि हे लोक तो मानतच नाहीत. ज्याच्यावर विश्वासच नाही त्याची पूजा कोण करणार? त्यांच्या चित्रांत डोक्याला शिंगं असलेला एक देव दिसतो, तो रानाचा आणि जनावरांचा देव. त्याच्या जोडीला देवी, आणि देवीचंच माहात्म्य जास्त. तिची तीन रूपं सांगतात: कुमारी, आई आणि म्हातारी, चंद्राच्या कलांप्रमाणे. आपल्याकडच्या बाईला यात दचकण्यासारखं काय आहे? शिवशक्ती ऐकतच आपण मोठ्या झालो.

‘पेगन’ ही एक मोठी छत्री समज. तिच्याखाली बरेच पंथ उभे आहेत. ब्रिटनमधले ड्रुइड, जुन्या नॉर्स देवांना मानणारे, नुसती देवी मानणारे, आणि तू ज्यांची पुस्तकं वाचतेस ते विक्का पंथाचे. सगळे विच पेगन नसतात आणि सगळे पेगन विच नसतात, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग. एक पोथी नाही, एक पीठ नाही, धर्मगुरूंचा धर्मगुरू नाही. साधारण समान काय, तर देव आकाशात वर बसलेला नसून मातीत, झाडात, ऋतूत, देहात आहे ही भावना, आणि ऋतूंप्रमाणे सण. आइसलँडमध्ये 1972 साली एका शेतकरी कवीनं, स्वेनब्योर्न बेनटेन्सन यांनी, जुन्या देवांचा पंथ उभा केला आणि 1973 मध्ये सरकारनं त्याला रीतसर मान्यता दिली. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74 हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि 13 हजारांनी ‘विक्का’. म्हणजे आपल्या खामगावाएवढेही नाहीत, पण आवाज मोठा.

विक्का ज्यानं जगापुढे आणला तो जेराल्ड गार्डनर. जन्म 1884. हा गृहस्थ सिलोन आणि मलायात मळ्यांवर, मग मलायात जकात खात्यात नोकरीला होता. तिथल्या नागमोडी पात्याच्या खंजिरावर त्यानं पुस्तकही लिहिलं. पुढे त्याच्या विधीत दुधारी सुरी आली, तिला ‘अथामे’ म्हणतात. योगायोग म्हण हवं तर. मला तरी तो माणूस सुऱ्यांचा शौकीन वाटतो. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर 1939 मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळीनं आपल्याला दीक्षा दिली असं तो सांगे. अशा मंडळीला ‘कव्हन’ म्हणतात. जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा कायदा तिथे 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ छापून आलं. आधी कायदा गेला, मग पुस्तक आलं, हा क्रम लक्षात ठेव. विधींची बरीचशी भाषा मात्र डोरीन व्हॅलिएंटे या बाईनं घडवली. तिचं नाव कमी घेतलं जातं, ते का हे तुला सांगायला नको.

तू विधीच्या ज्या चित्रफिती पाहतेस त्यात काय चाललेलं असतं? आधी अथामेनं हवेत किंवा जमिनीवर वर्तुळ आखतात, सूर्याच्या चालीनं, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेनं. मग चार दिशांना आवाहन: पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. पाचवं तत्त्व चैतन्याचं. तुझ्या गळ्यातली ती पाच टोकांची चांदणी याच पाचांची, सैतानाची नव्हे. आईला हेही सांग. पौर्णिमेला जमतात त्याला ‘एस्बट’, ऋतूच्या सणाला ‘सॅबट’. मंत्र-टोटके ज्या वहीत उतरवून ठेवतात ती ‘बुक ऑफ शॅडोज’. कुणाला इजा होणार नसेल तर मनाजोगतं वाग, हा त्यांचा मुख्य नियम. जे पाठवशील ते तिप्पट होऊन परत येतं, असंही बरेच जण मानतात, सगळे नाही. आपल्याकडे कर्माचा हिशेब जन्मोजन्मी चुकता होतो; त्यांनी तो याच जन्मात आणि व्याजासकट ठेवला. कव्हनशिवाय एकटीनंही हे सारं करता येतं, असं स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकानं 1988 मध्ये लिहिलं. तुझी मेणबत्तीची खोली ही त्याच पुस्तकाची दूरची नात.

आता सणांकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यांचं वर्ष म्हणजे आठ आऱ्यांचं चाक. 31 ऑक्टोबरला साउइन (लिहितात ‘सॅमहेन’ असं, वाचतात साउइन), तेव्हा पितर जवळ येतात. आपली सर्वपित्री आठव. 21 डिसेंबरच्या सुमाराला यूल, सर्वांत लांब रात्रीचा सण. फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मग दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा ओस्टारा, 1 मेला बेल्टेन, जूनमध्ये लिथा, 1 ऑगस्टला पहिल्या कापणीचा लुनासा, आणि सप्टेंबरात मेबन. यातलं ‘मेबन’ हे नाव एडन केली नावाच्या अमेरिकन माणसानं 1970 च्या दशकात ठेवलेलं आहे. म्हणजे तुझ्या बाबांच्या वयाचं.

पण छकुले, फेब्रुवारीत बर्फ वितळतो म्हणून आनंद मानायला आपल्याकडे बर्फ आहे कुठे? फेब्रुवारीत आपला हरभरा सोंगायला येतो. 1 ऑगस्टला तिकडे गव्हाची पहिली कापणी, आपल्याकडे तेव्हा कपाशीत निंदण चाललेलं. ऑस्ट्रेलियातल्या पेगन लोकांना हे लवकर कळलं. ते सारं चाक सहा महिन्यांनी फिरवून घेतात, साउइन एप्रिल-मेमध्ये करतात. ज्या धर्माचं सगळं बळ पायाखालच्या मातीत आहे, त्याचं पंचांग दुसऱ्याच्या मातीवरून आणून कसं चालेल? पुण्याच्या खोलीत तू इम्बोल्क करतेस तेव्हा इंग्लंडच्या वितळत्या बर्फाचा सण करतेस, एवढं लक्षात ठेव.

आपल्या जिल्ह्यातलं चाक पाहायचं तर भेंडवळला जावं. जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातली माणसं घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही रीत सुरू केली आणि तिला साडेतीनशे वर्षं झाली असं सांगतात. जमिनीवर गोल करून कडेनं अठरा धान्यांचे लहान लहान ढीग ठेवतात: ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, बाजरी, सरकी, अंबाडी, भादली, गहू, हरभरा, जवस, करडी, मसूर अशी. मधे खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पुरी, आणि पापड, कुरडई, सांडोई, भजं, वडा, करंजी, शेजारी विडा-सुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी. विडा-सुपारी म्हणजे राजा. कुरडई-सांडोई म्हणजे गुराढोरांचा चारापाणी. भादलीवरून रोगराई, मसुरीवरून शत्रू. रात्री तिथे कुणी थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन बघायचं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठलं धान्य जागेवर आहे, कुठलं सांडलं, विडा हलला का. त्यावरून जून ते सप्टेंबरचा पाऊस, पिकं, रोगराई आणि देशाचा कारभार असं सगळं भाकीत सांगतात. वऱ्हाड-खानदेशातले शेतकरी रात्रीच गावात येऊन बसलेले असतात, वाहिन्यांचे कॅमेरेही.

वर्तुळ, मधे पाण्याचं भांडं, चारांचा हिशेब, मातीला विचारलेला प्रश्न. गार्डनरच्या माणसांना हे दाखवलं तर ते हात जोडून उभे राहतील आणि याला काय म्हणावं यावर पुस्तक काढतील. भेंडवळच्या माणसाला मात्र तुम्ही पेगन का, असं विचारलंस तर तो आधी तुला पाणी पाजेल आणि मग विचारेल, कोणत्या गावची?

भाकीत खरं ठरतं का, हा प्रश्न वेगळा. अंधश्रद्धा निर्मूलनवाले वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत की याला शास्त्राचा आधार नाही, आणि माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. भारतीय हवामान खातं एप्रिलच्या मध्यालाच मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतं, पेरणी त्यावर आणि प्रत्यक्ष पडलेल्या पावसावर करावी. ढेकूळ किती भिजेल हे घागरीच्या पाझरावर ठरतं, ऑगस्टच्या ढगांवर नाही. पण मांडणी बघायला मी जाते आणि जाणार. पावसाआधी आख्ख्या शिवाराचं एकेक धान्य नाव घेऊन मांडणं मला फार आवडतं. खरं-खोटं तपासायचं आणि तरीही रीत मोलाची मानायची, हे दोन्ही एका डोक्यात राहू शकतं.

पोळ्याचंही तेच. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी: बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप लावून पळसाच्या पानानं शेकायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बैलाला आवतण देणारी माणसं जगात फार नसावीत. दारात पळसाच्या फांद्या, ईडापीडा आत येऊ नये म्हणून. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. तुझी आई लहानपणी अंगणात फेर धरून खाऊ ओळखायला लावायची, ते तिला विचार. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला कोरकूंची गावं आहेत, तिथे गावाच्या कडेला मुठवा देव असतो आणि भुमका त्याचं सारं पाहतो. इंग्रजांच्या काळातल्या साहेबांनी आणि मिशनऱ्यांनी या सगळ्यांना तुच्छतेनं ‘पेगन’ म्हटलं, जनगणनेत ‘ॲनिमिस्ट’ असा रकाना केला. त्याच साहेबांची नातवंडं आज तो शब्द छातीवर मिरवतात. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत 49 लाखांच्या आसपास आदिवासींनी, बहुतेक झारखंडच्या, आपला धर्म ‘सरना’ असा लिहिला आणि आमचा वेगळा रकाना द्या म्हणून ते अजून मागणी करत आहेत. आपल्या श्रद्धेचं नाव आपण ठेवायचं की दुसऱ्यानं, हा प्रश्न तुझ्या मोबाइलपुरता नाही.

तुझ्या चित्रफितींत एक वाक्य हमखास येतं: आम्ही त्या विचेसच्या नाती आहोत ज्यांना तुम्ही जाळू शकला नाहीत. वाक्य झोकदार आहे, इतिहास कच्चा. मार्गारेट मरे या विदुषीनं 1921 मध्ये मांडलं की युरोपात जाळलेल्या बायका एका जुन्या गुप्त धर्माच्या होत्या. गार्डनरनं तिच्यावर भिस्त ठेवली. पुढच्या इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा तो गुप्त धर्म कुठे सापडला नाही. रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये विक्काची जन्मकथा नीट उलगडली: तो विसाव्या शतकात इंग्लंडात जन्मलेला धर्म आहे. नवा असणं हा काही गुन्हा नाही. नव्वद लाख बायका जाळल्या हा आकडाही सोडून दे; इतिहासकारांच्या हिशेबानं मारलेले चाळीस ते साठ हजारांच्या घरात, बहुतेक बायका, काही पुरुष, आणि बहुतेक सगळे साधे ख्रिस्ती. अमेरिकेतल्या सेलमला 1692 मध्ये 19 जणांना फाशी दिलं, जाळलं एकालाही नाही. त्या बायका विच नव्हत्या. शेजाऱ्यांनी त्यांना विच ठरवलं होतं.

आणि इथेच मला तुझ्याशी खरं बोलायचं आहे.

सातपुड्याच्या रांगेत, नंदुरबार-धुळ्याकडे, आजही एखाद्या बाईला ‘डाकीण’ म्हणतात. मूल दगावलं, म्हैस आटली, कुणाला ताप उतरेना, की भगताकडे जायचं आणि त्यानं बोट दाखवायचं. बोट कुणाकडे? विधवेकडे, निपुत्रिक बाईकडे, जिच्या नावावर दोन एकर आहेत आणि पाठीशी माणूस नाही तिच्याकडे. झारखंडच्या छुटनी देवींना 1995 मध्ये डायन ठरवून गावातून हुसकावलं. पुढे त्यांनी अशाच बायकांना आसरा दिला आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी आसामच्या बिरुबाला राभांनाही याच कामासाठी मिळाली. या बायकांना कुणी विचारलं नव्हतं, तुला विच व्हायचं आहे का म्हणून.

आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला लाखो माणसं येतात, हिंदू-मुसलमान सगळे. नारळांची मोठी होळी पेटते, बाधा जावी म्हणून. श्रद्धेनं येणाऱ्याला माझा विरोध नाही. पण त्या गर्दीत नातेवाइकांनी ‘बाहेरचं लागलं’ म्हणून आणलेली काही माणसं अशी असतात, ज्यांना मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे. तामिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये साखळीनं बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण आगीत सापडून मेले, त्यांना पळता आलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळी घालायला बंदी आहे. करणी, मूठ, बाधा हे शब्द आपल्याकडे खेळण्यातले नाहीत, एवढंच मला म्हणायचं आहे.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे आणि तो रक्त सांडून आला आहे. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात, तू राहतेस त्याच शहरात, 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, कुणाला चेटकीण ठरवून छळणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार: यांना सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना कायद्यानं हात लावलेला नाही. तू मेणबत्ती लावून चंद्राकडे बघत बसलीस तर पोलीस येणार नाहीत. पण उद्या एखाद्या मैत्रिणीला ‘तुझा आजार मी उतरवते, औषध बंद कर’ म्हणालीस, किंवा मंत्राचे पैसे घेतलेस, तर मी स्वतः तुला ठाण्यात घेऊन जाईन. आत्याआजी म्हणून.

कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी 1980 च्या दशकात स्वतःला जाहीरपणे विच म्हटलं, ‘बिलव्हेड विच’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं, आणि बंगालच्या खेड्यांत डायन ठरवलेल्या बायकांचा प्रश्नही मांडला. त्यांच्या धैर्याचं मला कौतुक आहे. पण मुत्सद्द्याच्या घरातली, परदेशात शिकलेली बाई हे नाव दागिन्यासारखं घालू शकते. तेच नाव सातपुड्यातल्या एखाद्या म्हातारीच्या कपाळावर दगड होऊन पडतं. तू दोघींच्या मधे कुठे उभी आहेस ते तू ठरव. मला विचारशील तर ते नाव काढून टाक. त्यात पाप आहे म्हणून नव्हे. गावाकडच्या एखाद्या पोरानं ते वाचलं, त्याचा अर्थ त्याच्या पद्धतीनं लावला आणि बोट तुझ्या आईकडे वळलं, तर ते निस्तरायला पुण्याहून तुला एक रात्र लागेल. चांदणी गळ्यात ठेव. चंद्र बघ. देवीची पुस्तकं वाचायची तर बाजारातल्या छापील जादूपेक्षा रा. चिं. ढेऱ्यांचं ‘लज्जागौरी’ वाच, माझ्या कपाटात आहे. आणि कोसंबींचं ‘मिथ अँड रिॲलिटी’ तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळेल.

आणि पुढल्या अक्षय्य तृतीयेला सुट्टी काढून ये. आपण भेंडवळला जाऊ. वही आण. महाराज जे सांगतील ते महिन्यावार लिहून घे. जूनला काय, जुलैला काय, कपाशीला काय, तुरीला काय. मग सप्टेंबर सरला की तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे मिळवून ओळीला ओळ लावून पाहू. जे निघेल ते तू आईला वाचून दाखवायचं.

येताना हिवाळी कपडे परत आण, मागच्या खेपेला विसरलीस.

तुझी,
आत्याआजी